फाइल उतरता उतरता

सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरांवर, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेले अक्कलकोट हे एके काळी भोसले घराण्याच्या संस्थानाचे राजधानीचे गाव होते. १९४८ साली ते संस्थान विलीन झाले, हुजूर कचेरीचा अंमल जाऊन तहसील कचेरीचा सुरू झाला, आणि ज्या स्वामी समर्थांनी १८७८ साली येथे देह ठेवला त्यांच्या वटवृक्षाखालील स्थानाच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंचा ओघ मात्र या सर्व स्थित्यंतरांत अखंड वाढतच राहिला. गुरुपौर्णिमेस, दत्तजयंतीस, चैत्रातील प्रकटदिनी व पुण्यतिथीस येथे जी गर्दी लोटते तिच्यातील बहुतेकांच्या हाती आज मोबाइल असतो, आणि गावाच्या नित्याच्या गरजेपुरते उभारलेले मनोरे त्या दिवशी इतक्या मागण्या एकदम पुरवू शकत नसल्यामुळे, कोणी छायाचित्र मागवो, चित्रफीत मागवो वा एखादा सरकारी दस्तऐवज मागवो, त्याच्या पडद्यावर एक फिरते चक्र तेवढे दिसत राहते. ते चक्र फिरत असताना फोनमध्ये नेमके काय चाललेले असते, मागवलेल्या फाइलीचा किती भाग तोवर पोहोचलेला असतो, आणि तो पोहोचलेला भाग पूर्ण फाइलीची वाट न पाहता वापरता येतो की नाही, या प्रश्नांकडे सामान्य वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. ज्यांच्या वाट्याला मंद जोडणी आली आहे अशा असंख्य लोकांचा वेळ आणि पैसा या प्रश्नांच्या उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून ते उत्तर समजून घेण्यासारखे आहे.

फाइल ही एकसंध वस्तू म्हणून प्रवास करीत नाही. ३० लाख बाइटांचे एक छायाचित्र सर्व्हरवरून निघते तेव्हा त्याची प्रत्येकी सुमारे १,४६० बाइटांची अशी दोन हजारांहून अधिक पॅकेटे होतात. ती वेगवेगळ्या वेळी, कधी उलटसुलट क्रमाने पोहोचतात, आणि टीसीपी या नावाने ओळखली जाणारी, १९८१ साली निश्चित स्वरूपात प्रसिद्ध झालेली कार्यपद्धती त्यांना क्रमवार लावून, हरवलेली पुन्हा मागवून, सलग झालेला भाग ब्राउझरच्या हवाली करीत जाते. म्हणजे चक्र फिरत असते तेव्हा फोन रिकामा नसतो. छायाचित्राचा तिसरा हिस्सा, अर्धा हिस्सा, कदाचित नव्वद टक्के हिस्सा यंत्राच्या स्मृतीत येऊन पडलेला असतो, आणि तरीही वाचकाला काही दिसत नसेल तर त्याचे कारण जोडणीत नसून, आलेला ऐवज उघडण्यापूर्वी शेवटच्या बाइटाची वाट पाहावी असे ज्याने ठरवले त्या आज्ञावलीत असते.

संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक फाइल म्हणजे ० ते २५५ यांमधील अंकांची एक लांब रांग. त्यातील प्रत्येक अंक हा एक बाइट. ज्या फाइलीतील बाइट सरळ अक्षरांची खूण असतात तिला मजकुराची फाइल म्हणतात, आणि ज्यातील बाइटांचा अर्थ चित्राचे रंग, आवाजाची पातळी, संक्षेपाची कोष्टके अशा नियमांनी लावावा लागतो तिला द्विमान अथवा रूढ शब्दांत बायनरी फाइल म्हणतात. उदाहरणार्थ, पीएनजी जातीच्या प्रत्येक चित्राचे पहिले आठ बाइट १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० हेच असतात, आणि त्यानंतर थोड्याच अंतरावर चित्राची रुंदी व उंची नोंदलेली असते. तेव्हा पहिले २४ बाइट हाती पडताच हे चित्र आहे, ते पीएनजी आहे आणि त्यास एवढी जागा लागणार आहे, इतके निश्चितपणे सांगता येते. ज्यांनी १९९० च्या दशकात ही स्वरूपे रचली त्यांना मंद जोडण्यांचा पुरेपूर अनुभव होता. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा टेलिफोनवरून सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे अवघे १,२०० बाइट येण्याचीच अपेक्षा अनेक ग्राहकांनी ठेवायची होती, आणि त्या गतीने एक लाख बाइटांचे चित्र उतरण्यास जवळजवळ दीड मिनिट लागे. म्हणूनच पीएनजीमध्ये चित्राचे ठिपके सात फेऱ्यांत पाठवण्याची सोय ठेवली गेली. पहिल्या फेरीत एकंदर ठिपक्यांचा फक्त चौसष्टावा भाग येतो, परंतु तेवढ्यावरून चेहरा आहे की देऊळ आहे हे डोळ्याला कळते, आणि पुढील प्रत्येक फेरीने चित्र स्पष्ट होत जाते.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. अर्धवट आलेले चित्र दाखवण्याची शक्ती ब्राउझरला त्याच्या बाल्यावस्थेपासूनच होती, परंतु ती ब्राउझरची स्वतःची, त्याच्या अंतर्गृहातील शक्ती होती. पृष्ठाबरोबर येणाऱ्या जावास्क्रिप्टच्या आज्ञावलीला, म्हणजे पृष्ठ रचणाऱ्याच्या हाताला, त्या बाइटांना स्पर्श करण्याची परवानगी नव्हती. चित्र, मजकूर आणि ध्वनी यांपलीकडचे काही, जसे हवामानाच्या रडारचा आकडेबंद पट, भूमापनाचा नकाशा, किंवा एखाद्या जुन्या दफ्तराची विशेष पद्धतीने संक्षेपिलेली प्रतिमा, ब्राउझरला परके होते, आणि ते ज्याला वाचता येते त्या आज्ञावलीच्या हाती ब्राउझर ते देत नव्हता.

त्या दिशेने पहिले दार १९९९ साली उघडले. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट नावाचे साधन आले, ज्याच्या योगे पृष्ठ न बदलता पार्श्वभूमीवर सर्व्हरकडून काही मागवता येऊ लागले. परंतु हे साधन मजकुरासाठी योजलेले होते, आणि येणाऱ्या प्रत्येक बाइटाकडे ते अक्षर म्हणूनच पाही. द्विमान फाइल त्यातून मागवली तर अक्षरलेखनाच्या नियमात न बसणारे बाइट वाटेतच विद्रूप होत, आणि मूळ अंक परत मिळवण्याचा मार्ग उरत नसे. यावर २००६ च्या सुमारास एक तोडगा निघाला, जो अभ्यासकांनी वाचावा इतका कल्पक आहे: येणारा मजकूर ‘एक्स-यूजर-डिफाइंड’ या वर्णसंचातील आहे अशी ब्राउझरची समजूत करून दिली असता तो १२८ पासून २५५ पर्यंतचे बाइट युनिकोडच्या एका खाजगी वापरासाठी राखलेल्या पट्ट्यात जसेच्या तसे, एकास एक, नेऊन ठेवतो, आणि मग प्रत्येक अक्षराच्या क्रमांकाचे खालचे आठ बिट तेवढे काढून घेतले की मूळ बाइट जसाच्या तसा हाती येतो. या युक्तीने बायनरी फाइल वाचता आली खरी, पण जावास्क्रिप्टमध्ये असे प्रत्येक अक्षर दोन बाइट जागा घेत असल्यामुळे ६ कोटी बाइटांची फाइल स्मृतीत १२ कोटी बाइट व्यापून बसे. फाइल येत असता मधूनच डोकावण्याची सोय काही ब्राउझरांत होती, परंतु प्रत्येक वेळी हाती येई तो आरंभापासून आतापर्यंतचा संपूर्ण मजकूर. कोठवर वाचून झाले याची नोंद आज्ञावलीने स्वतः ठेवायची, आणि वाचून झालेला भाग टाकून देण्याचा अधिकार मात्र तिला नाही. बाकीचे लोक बायनरी फाइलीचे बेस ६४ पद्धतीने अक्षरांत रूपांतर करून पाठवीत, आणि त्यापायी प्रत्येक फाइल एक तृतीयांशाने फुगे.

बाइट हे बाइट म्हणून हाताळण्याची खरी सोय चित्रकलेच्या वाटेने आली. ब्राउझरमध्ये त्रिमिती चित्रे काढण्यासाठी वेबजीएल नावाचे जे मानक २०११ साली प्रसिद्ध झाले त्याला लक्षावधी अंक घट्ट रचून चित्रयंत्राकडे पाठवणे भाग होते. त्या गरजेतून अ‍ॅरेबफर हा बाइटांचा सलग साठा आणि त्यातील बाइट अंक म्हणून वाचू देणारे टाइप्ड अ‍ॅरे जन्मास आले, आणि नंतर ते जावास्क्रिप्ट भाषेचेच अंग बनले. आता एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टलाही अ‍ॅरेबफर मागता येऊ लागला, अक्षरांचे सोंग घेण्याची गरज संपली. परंतु तो अ‍ॅरेबफर मिळे तो फाइल पूर्णपणे उतरल्यावरच. फायरफॉक्सने मधले तुकडे देणारा एक स्वतःचा प्रकार काही काळ चालवला, तो इतरांनी स्वीकारला नाही.

ही अडचण ज्याने दूर केली त्या साधनाचे नाव फेच, आणि त्याच्या उत्तरातून मिळणाऱ्या प्रवाहाचे नाव रीडेबलस्ट्रीम. क्रोममध्ये २०१५ साली, सफारीत २०१७ साली आणि फायरफॉक्समध्ये जानेवारी २०१९ मध्ये ही सोय सर्वांसाठी खुली झाली, तेव्हापासून प्रमुख ब्राउझरांत ती समान रीतीने उपलब्ध आहे. तिची कार्यपद्धती सांगायला सोपी आहे. आज्ञावली फाइल मागवते. सर्व्हरच्या उत्तराचे शीर्ष येताच, म्हणजे मुख्य ऐवजाचा एकही बाइट येण्यापूर्वीच, तिला उत्तर मिळाल्याची वर्दी मिळते. त्या उत्तराच्या अंगातून ती एक वाचक नेमून घेते. आणि मग त्या वाचकाला ‘पुढचा हप्ता दे’ असे पुनःपुन्हा सांगते. प्रत्येक वेळी तो दोन गोष्टी परत करतो: एक, प्रवाह संपला की नाही याचा दाखला, आणि दुसरी, त्या वेळेपर्यंत आलेल्या नव्या बाइटांचा संच. घेतलेला हप्ता वापरून झाला की तो टाकून देता येतो, त्यामुळे कितीही मोठी फाइल थोड्या स्मृतीत वाचून होते, आणि मागील पद्धतीत जे १२ कोटी बाइट साठवावे लागत तेथे आता एका हप्त्यापुरती जागा पुरते.

या रचनेतील जो भाग मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला वाटतो तो वेगाच्या मेळाचा. अक्कलकोटच्या अन्नछत्रात हजारोंच्या संख्येने माणसे जेवतात ती सर्वांचे अन्न शिजून होईपर्यंत ताटकळत बसत नाहीत. एक पंगत बसते, तिच्या पानांवर वाढप होते, आत पुढचा भात शिजत असतो, आणि पान भरलेले दिसले की वाढपी पुढे सरकतो, तसेच वाचणाऱ्याच्या आणि पाठवणाऱ्याच्या गतीचा मेळ येथे राखला जातो. आज्ञावली पुढचा हप्ता मागण्यास उशीर करू लागली, कारण आधीच्या हप्त्यावरचे तिचे काम संपलेले नाही, तर ब्राउझरच्या आतील साठा ठरावीक मर्यादेपर्यंत भरतो, मग तो जोडणीतून घेणे थांबवतो, आणि टीसीपीच्या मार्गे ही सूचना थेट सर्व्हरपर्यंत जाऊन तोही पाठवण्याचा वेग आवरतो. परिणाम असा की मंद फोनवर महाकाय फाइल उघडली तरी फोनची स्मृती तुंबत नाही.

हप्ते मात्र ज्या ठिकाणी तुटतात ते ठिकाण कोणाच्याही हाती नसते, आणि नवशिक्या आज्ञावलीकाराची गफलत बहुधा येथेच होते. हप्ता कधी काही शे बाइटांचा येतो, कधी साठपासष्ट हजारांचा. तो जोडणीच्या त्या क्षणीच्या स्थितीवर अवलंबून असतो, फाइलीतील अर्थाच्या सीमा त्याला ठाऊक नसतात. चार बाइटांनी लिहिलेला एक आकडा असेल तर त्याचे तीन बाइट या हप्त्याच्या शेवटी आणि चौथा पुढच्या हप्त्याच्या आरंभी येऊ शकतो. अशा वेळी अपुरे तीन बाइट शिल्लक म्हणून जपून ठेवून पुढच्या हप्त्याच्या पुढे जोडणे हाच योग्य मार्ग असतो.

मराठी वाचकाला या गोष्टीचे गांभीर्य अक्षरांच्या उदाहरणावरून अधिक लवकर पटेल. ‘अक्कलकोट’ या नावात डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात, परंतु युनिकोडच्या हिशेबी त्यात अ, क, हलन्तचिन्ह, क, ल, क, ओकाराची मात्रा आणि ट अशी आठ चिन्हे आहेत. आणि केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ साली रचलेल्या यूटीएफ-८ या आज सार्वत्रिक झालेल्या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्यामुळे हे नाव २४ बाइटांचे होते. त्यातील अ म्हणजे २२४, १६४, १३३, आणि क म्हणजे २२४, १६४, १४९. आता अक्कलकोट तालुका हा मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा बोलणाऱ्यांचा तालुका आहे, मराठी शाळांबरोबर कानडी शाळाही तेथे आहेत. तेव्हा त्याच पद्धतीत कानडी अ कसा लिहिला जातो ते पाहणे उचित होईल. तो २२४, १७८, १३३ असा लिहिला जातो, आणि कानडी क हा २२४, १७८, १४९ असा. पहिला अंक तोच, तिसरा अंकही तोच, फक्त मधला १६४ च्या जागी १७८. ब्राह्मीपासून उतरलेल्या या लिप्यांची वर्णमाला एकाच क्रमाची आहे हे ओळखून भारतीय मानकाने त्यांना समांतर क्रमांक दिले होते, आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने तो समांतर क्रम कायम ठेवला, म्हणून स्वर आणि व्यंजने यांत हे साम्य जागोजाग आढळते. दोन भाषिक समाज शतकानुशतके एकाच बाजारपेठेत नांदत आले, त्यांच्या लिप्या यंत्राच्या अंतरंगातही एका अंकाच्या अंतरावर शेजारी राहतात, ही गोष्ट मला फार समाधानाची वाटते.

परंतु या साम्याचाच दुसरा अर्थ असा होतो की हप्ता जर पहिल्या २२४ नंतर तुटला तर येणारे अक्षर मराठी की कानडी हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, आणि दुसऱ्या बाइटानंतर तुटला तर लिपी कळेल पण अक्षर कळणार नाही. अशा वेळी प्रत्येक हप्त्याचे स्वतंत्रपणे अक्षरांत रूपांतर करणारी आज्ञावली तुटलेल्या तुकड्याच्या जागी चौकटीतील प्रश्नचिन्ह ठेवते, आणि शब्दाच्या मध्ये अशी प्रश्नचिन्हे विखुरलेला मजकूर आपण अनेकदा पाहिला असेल. यावरचा उपाय तयार आहे: टेक्स्टडिकोडर नावाच्या साधनाला ‘प्रवाह अजून चालू आहे’ एवढी सूचना दिली की ते अपुरे बाइट स्वतःजवळ राखून ठेवते आणि पुढचा हप्ता आल्यावर अक्षर पूर्ण करून देते. उपाय एका शब्दाचा असूनही तो वारंवार राहून जातो, याचे कारण इंग्रजीचे प्रत्येक अक्षर एकाच बाइटाचे असते. हप्ता कोठेही तुटला तरी इंग्रजी अक्षर तुटत नाही, आणि ज्याने आपली आज्ञावली केवळ इंग्रजी मजकुरावर तपासली त्याला हा दोष जन्मभर दिसत नाही. तो दिसतो तो मराठी, कानडी, तेलुगू वाचणाऱ्याला.

येता येता वाचण्याची सोय ब्राउझरने दिली तरी फाइलीचा अंतर्गत क्रम अनुकूल असल्यावाचून तिचा लाभ मिळत नाही, हा मुद्दा विशेषतः दफ्तरे आणि ग्रंथ डिजिटल करणाऱ्यांनी ध्यानी घेण्यासारखा आहे. पीडीएफ फाइलीत कोणते पृष्ठ कोठे आहे हे सांगणारे कोष्टक सर्वसाधारणतः फाइलीच्या शेवटी असते. झिप फाइलीची सूचीही शेवटीच असते. आणि एमपी-४ चित्रफितीत कोणते चित्र कोठे सापडेल हे सांगणारा ‘मूव्ह’ नावाचा विभाग पुष्कळ ध्वनिचित्रमुद्रक शेवटी लिहितात, कारण मुद्रण संपेपर्यंत त्यांनाही तो ठाऊक नसतो. अशी फाइल पहिल्या बाइटापासून कितीही तत्परतेने वाचली तरी सूची हाती येईपर्यंत तिचा अर्थ लागत नाही. यावर दोन मार्ग आहेत. एक, फाइलच पुनर्रचित करणे: पीडीएफमध्ये १९९६ पासून पहिले पृष्ठ आणि त्याची सूची अग्रभागी ठेवण्याची सोय आहे, जिला अडोबी फास्ट वेब व्ह्यू म्हणते, आणि एमपी-४ मध्येही तो विभाग पुढे आणून ठेवता येतो. दुसरा, एचटीटीपीच्या १९९७ सालच्या आवृत्तीने दिलेली अंशमागणी: ‘या फाइलीचे एवढ्या क्रमांकापासून एवढ्या क्रमांकापर्यंतचे बाइट द्या’ असे सर्व्हरला म्हणता येते, आणि तो २०६ या क्रमांकाचे उत्तर देऊन तेवढाच अंश पाठवतो. मोझिलाने २०११ मध्ये हाती घेतलेले आणि २०१३ पासून फायरफॉक्समध्येच अंतर्भूत असलेले पीडीएफ.जेएस हे या दोन्ही मार्गांचा उपयोग करणारे उत्तम उदाहरण होय. ते मुख्यतः जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले असून फाइल उतरत असतानाच तिचे बाइट वाचते, आणि वाचकाने उघडलेल्या पृष्ठापुरते अंश आधी मागवते.

याचा प्रत्यक्ष हिशेब करून पाहावा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर जिल्ह्याचा खंड १८८४ साली छापला गेला, आणि तशा शेकडो पृष्ठांच्या ग्रंथाची छायाप्रत ६ कोटी बाइटांची असणे अगदी स्वाभाविक आहे. गर्दीच्या दिवशी सेकंदाला दहा लाख बिट मिळत असतील तर ती संपूर्ण फाइल उतरण्यास आठ मिनिटे लागतात. तीच फाइल पहिले पृष्ठ अग्रभागी ठेवून रचलेली असेल, ते पृष्ठ सव्वा लाख बाइटांचे असेल आणि वाचणारी आज्ञावली येता येता वाचणारी असेल, तर वाचकासमोर पहिले पृष्ठ एका सेकंदात उभे राहते. त्याला फक्त एका गावाची नोंद पाहावयाची असेल तर उरलेला ग्रंथ तो मागवणारही नाही, आणि डेटाचा जो खर्च त्याच्या खिशातून जातो तोही वाचेल.

थेट दर्शनाच्या चित्रफिती, ज्या आज अनेक देवस्थाने प्रसारित करतात, त्यांच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे. काही सेकंदांचे लहान लहान खंड एकामागून एक मागवले जातात, आणि मीडिया सोर्स एक्स्टेन्शन्स या २०१६ साली मान्य झालेल्या मानकाच्या आधारे पृष्ठाची आज्ञावली त्यांचे बाइट चित्रफितीच्या साठ्यात ओतत जाते. जोडणी मंदावली की पुढचा खंड कमी स्पष्टतेचा मागवला जातो आणि आरती खंडित होत नाही.

तथापि अर्ध्या फाइलीवर विसंबणे प्रत्येक ठिकाणी युक्त नाही. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून जो डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो त्याचे पृष्ठ अर्धवट आले असता डोळ्यांनी वाचता येईल, पण ती स्वाक्षरी त्या दस्तऐवजाच्या बाइटांवरून काढलेली असते, आणि त्यातील सर्व बाइट हाती येऊन हिशेब जुळल्याखेरीज तो दस्तऐवज अस्सल आहे असे म्हणता येत नाही. कर्जप्रकरण किंवा खरेदीखत यांसारख्या कामांत तेवढा धीर धरणे प्राप्तच आहे. प्रगती दाखवणाऱ्या पट्टीविषयीही सावधगिरी हवी. सर्व्हर फाइलीची लांबी आधी कळवतो, परंतु मजकूर संक्षेपून पाठवला असेल तर ती लांबी संक्षेपलेल्या बाइटांची असते आणि वाचकाच्या हाती येणारे हप्ते उलगडलेल्या बाइटांचे असतात. दोहोंचा भागाकार करून काढलेली टक्केवारी मग शंभराच्या पलीकडे जाते, आणि पट्टी पूर्ण भरूनही फाइल येतच राहते. चित्रे आणि पीडीएफ मुळातच संक्षेपलेली असल्यामुळे त्यांच्या बाबतीत हा प्रसंग सहसा येत नाही.

आणखी एक सोय येथेच सांगितली पाहिजे, कारण ती सामान्य माणसाच्या पैशाशी निगडित आहे. २०१७ पासून ब्राउझरांत आलेल्या अबॉर्टकंट्रोलर या साधनाने चालू मागणी मध्येच रद्द करता येते. फाइलीच्या पहिल्या काही बाइटांवरून ती हवी ती नव्हे असे आज्ञावलीला कळले, किंवा वाचकाने पृष्ठ सोडले, तर उरलेले बाइट घेत राहण्याचे कारण उरत नाही. सर्व फाइल एकदम घेणाऱ्या आज्ञावलीला हा निर्णय करण्याची संधीच मिळत नाही.

या सर्व सोयी आज फुकट आहेत, फोनमध्ये आधीच बसवलेल्या आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणतेही नवे यंत्र घ्यावे लागत नाही. तरीही असंख्य मराठी संकेतस्थळे पूर्ण फाइल येईपर्यंत वाचकाला चक्र दाखवीत ठेवतात, कारण ती रचणाऱ्याच्या टेबलावर जलद तार आलेली असते आणि फाइल क्षणात उतरते; त्या क्षणाची आठ मिनिटे दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला येतात. शासनाच्या अभिलेख विभागांनी, ग्रंथालयांनी, देवस्थानांनी आणि त्यांची कामे अंगावर घेणाऱ्या आज्ञावलीकारांनी एवढे करावे: पीडीएफ करताना पहिले पृष्ठ पुढे ठेवावे, चित्रफितीचा सूचीविभाग आरंभी आणावा, सर्व्हरवर अंशमागणी मान्य करावी, आलेला हप्ता आल्याबरोबर वाचावा, आणि काम जाहीर करण्यापूर्वी ते एकदा तरी अक्कलकोटसारख्या गावी, गर्दीच्या दिवशी, मराठी व कानडी अशा दोन्ही मजकुरांवर चालवून पाहावे.